गोठ्याच्या विद्येचा अधिकारी

धार म्हटले की मराठी वाचकाच्या मनात राजा भोज उभा राहतो आणि देवास म्हटले की कुमार गंधर्व. दोन्ही स्मरणे यथोचितच आहेत. एका नगरीने शास्त्रांना सिंहासनाशेजारी बसविले. दुसरीने १९४८ च्या आरंभी क्षयाने खचलेल्या एका तरुण गायकाला आपल्या टेकडीच्या छायेत ठेवून घेतले आणि काही वर्षांनी त्याचे गाणे जगाला परत दिले. परंतु हा मुलूख डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याला ग्रंथ आणि गाणे यांच्याही आधी दिसते ते जनावर. पठारावरच्या काळ्या मातीत पांढुरक्या अंगाचा, खांद्यामानेवर काळसर झाक असलेला माळवी बैल. आणि विंध्याचा उतार उतरून कुक्षी-मनावरकडे, नर्मदेच्या खोऱ्यात गेले की तांबूस अंगावर पांढरे डाग मिरविणारा निमाडी. या निमाडीत सौराष्ट्राच्या गीरचे आणि आपल्या माणदेशी खिल्लाराचे रक्त मिसळले आहे असे जाणकार सांगतात. म्हणजे पवारांच्या घोड्यांप्रमाणे आपल्या बैलांनीही नर्मदाकाठी सोयरीक जोडली, असे म्हणावयास हरकत नाही.

ही जनावरे कशी राखावी, त्यांस काय चारावे, आजारी पडल्यास काय करावे, याची विद्या या भूमीत कोणाला शिकविली गेली, हा या लेखाचा विषय आहे. आपल्याकडे शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगण्याची परिपाटी आहे: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. पैकी पहिल्या तिहींवर पंडितांनी पुष्कळ लिहिले. चौथीकडे आमच्यासारख्या कायद्याच्या माणसाचे लक्ष आधी जाते, कारण न्यायालयातही प्रथम प्रश्न असतो तो हाच, की येथे उभा राहण्याचा अधिकार कोणाला? पशुपालनाच्या विद्येचा इतिहास या एका प्रश्नाने वाचून पाहिला तर जे दिसते ते थोडे अस्वस्थ करणारे आहे. विद्या होती, पुष्कळ होती. परंतु ज्याच्या हातात दावे होते त्याच्या हाती ती फार उशिरा आली.

आरंभ भोजापासूनच करू. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेवर राज्य करणाऱ्या या राजाच्या नावावर जे अनेक ग्रंथ आहेत, त्यांत 'शालिहोत्र' नावाचा एक छोटेखानी अश्वग्रंथ आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने एकनाथ दत्तात्रेय कुलकर्णी यांच्याकडून तो संपादून घेऊन १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. घोड्यांचे वर्ण, शुभाशुभ लक्षणे, त्यांस चालीस लावण्याची रीत, रोग आणि त्यांवरील उपाय, असा त्याचा विषय. शालिहोत्र हे मुळात एका ऋषीचे नाव. ते शास्त्राला मिळाले आणि पुढे त्याचाच अपभ्रंश होऊन घोड्याच्या वैद्याला उत्तरेकडे सलोत्री म्हणू लागले. ऋषीच्या नावावरून छावणीतल्या नोकराचे नाव पडावे, हा शब्दांचा प्रवास मोठा बोलका आहे.

याहूनही आमचे मन वेधून घेतो तो 'समरांगणसूत्रधार'. भोजाच्या नावावरचा हा वास्तुग्रंथ गणपतिशास्त्र्यांनी १९२४-२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत दोन खंडांत छापून आणला. त्यात देवळे आणि राजवाडे आहेत, यंत्रेही आहेत. पण त्यात अश्वशालेचा एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि तो वाचताना आपण हजार वर्षांपूर्वीचे पुस्तक वाचत आहो हे विसरावयास होते. ठाणी कशी असावीत, खरारा करण्याची व बांधण्याची साधने कोठे ठेवावीत हे तर आहेच. शिवाय मुख्य तबेल्याजवळ निराळ्या खोल्या सांगितल्या आहेत: औषधे ठेवण्यासाठी भेषजागार, प्रसूतीसाठी अरिष्टमंदिर, आजारी जनावरासाठी व्याधितभवन आणि सर्व सामग्रीची एक कोठी. आजारी जनावर निरोग्यांपासून वेगळे बांधावे, व्यायला झालेल्या मादीला एकांत द्यावा, औषध हाताशी असावे, ही तीन कलमे आजच्या पशुपालनाच्या कोणत्याही वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवावी लागतात. धारेच्या राजाला ती ठाऊक होती.

परंतु कोणासाठी ठाऊक होती? त्या अध्यायाचा अधिकारी स्थपती आहे, आणि स्थपतीचा यजमान राजा. 'शालिहोत्रा'चा वाचक राजपुत्र किंवा पागेचा अधिपती. पागेतला मोतद्दार हा ग्रंथ वाचणारा नव्हता आणि धारेच्या वेशीबाहेर गुरे चारणाऱ्या गोवाऱ्याचे जनावर तर ग्रंथाच्या विषयातच येत नव्हते. भोजाला याचा दोष देण्याचे कारण नाही. घोडा म्हणजे राज्य, तेव्हा राज्याच्या विद्येत घोडा आला.

मग गाईचे काय? गाय आढळते ती शिकवणुकीत नव्हे, तर दंडनीतीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोध्यक्षाचे प्रकरण आहे. शंभर-शंभर जनावरांचा कळप, त्यावर गोपालक, दोहणारा, मंथन करणारा, रानातून राखण करणारा, असे सर्व नेमके सांगितले आहे. त्यात एक कलम असे आहे की पावसाळा, शरद आणि हेमंत या ऋतूंत धार दोन वेळा काढावी. शिशिर, वसंत आणि ग्रीष्म यांत एकच वेळ. आणि या तीन ऋतूंत जो दुसऱ्या वेळी दोहील त्याचा अंगठा तोडावा. दंड भयंकर आहे, पण त्यामागची समज पाहण्यासारखी आहे. चारा आटलेल्या महिन्यांत गाईला पिळले तर पुढचे वेत बिघडते आणि वासरू उपाशी राहते, हे शास्त्रकाराला माहीत होते. मात्र ते गोपालकाला समजावून सांगण्याऐवजी त्याच्या अंगठ्यावर लिहिले गेले. कायद्याने शिकविण्याची ही जुनी खोड आहे. आमच्या व्यवसायाला ती अजून पुरती सुटलेली नाही.

मराठी राज्यात हीच विद्या पुन्हा घोड्यावर बसून आली, पण एक फरक झाला. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे. घोडा मेला तर बारगिराला दुसरा मिळे. शिलेदाराची भाकरीच जाई. म्हणून पागेतले ज्ञान पोथीतून उतरून घरात आले आणि बापाकडून मुलाकडे गेले. या व्यवहारी शहाणपणाचा आम्हांस ठाऊक असलेला उत्तम मराठी नमुना कोणत्याही अश्वग्रंथात नाही, तो एका हुकुमात आहे. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांकडून चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांस गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नये या त्यातील आज्ञेसाठी ते वारंवार उद्धृत होते. पण पशुपालनाचा धडा म्हणून ते क्वचितच वाचले जाते. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आताच मन मानेल तशी उधळली तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. वैरणीच्या गंजीजवळ चूल पेटवू नये, चिलमीची आग सांभाळावी, रात्री दिवा तसाच ठेवू नये, कारण उंदीर जळती वात ओढून नेतो आणि सगळी गंज पेटते, इतक्या बारकाव्यापर्यंत ते उतरते. किती जनावरे, किती महिने, किती वैरण, हा हिशेब कोकणच्या पावसाच्या तोंडावर एका राजाने आपल्या माणसांना करावयास लावला. आजही विद्यार्थ्याला पशुपालनाचा पहिला हिशेब हाच घालावा लागतो, आणि पुष्कळ गोठे तेथेच बुडतात.

पुढील शतकात पवारांची घोडी माळव्यात स्थिरावली. धारेस एक गादी आली, देवासेस तुकोजी व जिवाजी या भावांच्या दोन पाती झाल्या. एकाच गावात दोन राज्ये, दोन दरबार, आणि हद्द काही ठिकाणी भर रस्त्यातून. त्या रस्त्यावरून चरत जाणाऱ्या गाईला आपण थोरल्या पातीतून धाकट्या पातीत शिरलो हे कळत असण्याचे कारण नव्हते. असो. १८१८-१९ मध्ये दोन्ही संस्थानांचे इंग्रजांशी तह झाले, लढाया सरल्या आणि घोड्याची गरज ओसरली. राज्य आता सारा आणि कापूस यांवर चालणार होते, म्हणजेच बैलावर. पण विद्येने मात्र आपला घोडा इतक्यात सोडला नाही.

आणि हे काही आपलेच वैशिष्ट्य नव्हे. युरोपातील पहिले पशुवैद्यक विद्यालय फ्रान्समधील ल्यों येथे १७६१ च्या राजाज्ञेने निघाले. गुरांमध्ये बुळकांडीने जो हाहाकार उडविला होता त्याचे निमित्त होते, परंतु संस्थापक क्लोद बुर्जला हा घोडेस्वारीच्या शाळेचा प्रमुख होता. आपल्याकडे १८६२ मध्ये पुण्यास जी पहिली पशुवैद्यक शाळा निघाली ती लष्कराची. बुळकांडीने हजारो बैल मरत होते. १८७१ मध्ये त्याविषयी एका सरकारी आयोगाचा अहवालही आला. तरीही छावणीतून बाहेर पडावयास या विद्येला आणखी पंधरा वर्षे लागली. सर दिनशा पेटिट यांच्या देणगीमुळे १८८६ मध्ये मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, आणि १८८९ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात जी जीवाणूशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन झाली तीच पुढे हिमालयातील मुक्तेश्वरास गेली व आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था बनली. मराठी मुलखाला अभिमान वाटावा असा हा वारसा आहे. पण यातून बाहेर पडणारा विद्यार्थी इस्पितळाचा सहायक होत असे. तो आजाराचा जाणता होता, गोठ्याचा नव्हे. जनावर आजारी पडल्यावर काय करावे आणि जनावर आजारी पडू नये म्हणून काय करावे, या दोन विद्या आहेत, आणि दुसरीला शाळा नव्हती.

या दुसरीचे मोल ज्याने आकड्यांनी मांडले तो गृहस्थ, योगायोग असा, देवासच्याच दरबारातून गेलेला होता. माल्कम डार्लिंग हा १९०७ मध्ये थोरल्या पातीचे तरुण महाराज तुकोजीराव यांचा शिक्षक म्हणून देवासेस आला. त्याच्यामुळेच पुढे ई. एम. फॉर्स्टर तेथे आला आणि इंग्रजी साहित्यात देवास गाजले. डार्लिंग पुढे पंजाबात सहकारी खात्यात गेला आणि १९२५ मध्ये पंजाबी शेतकऱ्याच्या कर्जावर त्याने जो ग्रंथ लिहिला त्यात कर्जाची जी प्रमुख कारणे दिली, त्यांत अवर्षण व रोगराई यांमुळे वारंवार होणारी जनावरांची हानी हे एक. बैल मेला की शेतकरी सावकाराच्या दारी जातो, हे आमच्या व्यवसायातील माणसाला नवे नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ६० शेतकऱ्याच्या पोटापाण्यास आवश्यक अशी जनावरे जप्तीतून वगळते. कायदा बेलिफाला गोठ्याच्या दाराशी अडवितो. घटसर्पाला अडविण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. बेलिफापासून वाचलेला बैल आषाढात गळा सुजून एका रात्रीत गेला, तर त्या कलमाचा त्याच्या धन्याला काय उपयोग?

माळव्यात दुसऱ्या विद्येचा खरा प्रारंभ झाला तो धार आणि देवास यांच्या मध्ये वसलेल्या इंदुरास. मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थाने यांच्या साहाय्याने १९२४ मध्ये तेथे वनस्पती उद्योग संस्था निघाली व आल्बर्ट हॉवर्ड तिचा संचालक झाला. संस्थेचे नाव वनस्पतीचे, पण तिची कीर्ती झाली ती शेणामुळे. गोठ्यात जनावरांच्या पायाखाली काडीकचरा अंथरावयाचा, मूत्र मुरलेली माती जपून ठेवावयाची, त्यात शेण व राख कालवून थर रचावयाचे, ते वेळोवेळी उलटावयाचे आणि सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करावयाचे. ही 'इंदूर पद्धती' जगभर गेली. १९३१ चा जो ग्रंथ तिचा मूलाधार आहे त्यावर हॉवर्डबरोबर यशवंत वाड यांचे नाव सहलेखक म्हणून छापलेले आहे. जगाने मात्र एकच नाव लक्षात ठेवले. वाडांचे नाव मराठी वाचकाने तरी विसरू नये.

हॉवर्डचा दावा याहून मोठा होता. आपल्या बैलांना सकस जमिनीतला पुरेसा चारा मिळतो, म्हणून शेजारच्या रोगी जनावरांशी संबंध येऊनही त्यांस साथीचे रोग सहसा होत नाहीत, असे त्याने पुढे लिहून ठेवले. आमच्या मते हे निम्मे सत्य आहे. पोटभर चारा, कोरडी जमीन आणि स्वच्छ पाणी यांनी जनावराची ताकद वाढते, यात संशय नाही. पण बुळकांडी चाऱ्याने गेली नाही. ती गेली लशीने. मुक्तेश्वरच्या संशोधकांनी १९२० च्या दशकात बकरीच्या साहाय्याने तिची लस तयार केली. १९५४ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली. भारतातले शेवटचे प्रकरण १९९५ चे, आणि २०११ मध्ये हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. मानवाने समूळ नाहीसा केलेला जनावरांचा हा पहिला रोग. तथापि हॉवर्डने एक गोष्ट कायमची शिकविली: गोठा हा शेताचा अवयव आहे, इस्पितळाची ओसरी नव्हे.

संस्थाने विलीन होऊन मध्य भारत राज्य झाले आणि १९५५ मध्ये महू येथे पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. महू ही इंग्रजांची जुनी छावणी. धार व देवास दोन्हींना जवळची. येथून पदवीधर बाहेर पडू लागले व माळव्यातील दवाखान्यांना डॉक्टर मिळाले. २००९ पासून हे महाविद्यालय जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाचा भाग आहे. आज मध्य प्रदेशात शालेय पातळीवरही शेती घेणाऱ्या विद्यार्थ्याला अकरावी-बारावीत पशुपालन, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन हा विषय आहे, आणि धार व देवास या दोन्ही ठिकाणी कृषी विज्ञान केंद्रे आहेत. म्हणजे अधिकाऱ्यांची यादी राजपुत्रापासून खेड्यातल्या विद्यार्थ्यापर्यंत आली. हा प्रवास लहान नाही.

येथे थोडे थांबून, या विद्यार्थ्याला मुळात शिकवावयाचे काय ते पाहू. कारण पुष्कळ सुशिक्षितांची अशी समजूत असते की जनावरे आपोआप वाढतात. जन्मलेल्या वासराला अथवा करडाला पहिल्या तासाभरात चीक पाजावा, हा पहिला धडा. वार पडेपर्यंत चीक काढू नये, ही समजूत अनेक प्रांतांत आहे आणि ती वासरांच्या जिवावर उठते. वासरू जन्मते ते रोगाशी लढण्याची शिदोरी न घेता. ती चिकातून मिळते, आणि काही तासांनंतर त्याच्या आतड्यांतून ती रक्तात शिरू शकत नाही. आमचे खरवसप्रेमी वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे, पण पहिला हक्क वासराचा. दुसरा धडा दातांचा. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, हे शब्द बाजारातल्या दलालाला जितके ठाऊक तितकेच विद्यार्थ्याला असावेत. रुमालाखाली बोटे धरून सौदा करणाऱ्याने तोंड उघडून पाहिले नाही तर पुढे न्यायालय त्याला फारसे काही देऊ शकत नाही. मग पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्या यांच्या लशी, लाळ्या-खुरकुताची लस, जंताचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त. दूध काढण्याआधी हात व कास धुणे. आणि शेवटी नोंदवही, जिच्यात कोणती गाय केव्हा फळली, केव्हा व्यायली, किती दूध दिले हे लिहिलेले असेल. नोंदवहीवाचून गोठा म्हणजे पुराव्यावाचून दावा.

हे सर्व पुस्तकात आहे. अडचण पुस्तकाच्या भाषेत आहे, आणि दोन भाषांत जगणाऱ्या या नियतकालिकाच्या वाचकांना ती चटकन कळेल. आपण ज्याला घटसर्प म्हणतो त्याला तिकडे गलघोंटू म्हणतात. पाठ्यपुस्तकात तिसरेच लांबलचक नाव असते. धारच्या दक्षिणेकडील भिल्ल-भिलाला पाड्यांत घरची बोली भिली किंवा निमाडी, शाळेची हिंदी, औषधाच्या बाटलीवरची इंग्रजी. मुलाने परीक्षेत रोगाचे लक्षण बरोबर लिहावे आणि घरी आजीने तेच लक्षण आपल्या शब्दांत सांगितले तर त्याला ओळखू येऊ नये, असे घडणे अशक्य नाही. कोकणी बोलणाऱ्या घरातून मराठी शाळेत गेलेल्या पिढ्यांना याचा अर्थ समजावून सांगावयास नको. गोव्याची श्वेता कपिला गाय आणि आगोंद गोंयचे डुक्कर यांची आता देशी जातींच्या सूचीत रीतसर नोंद झाली आहे. पण त्यांना पिढ्यान् पिढ्या राखणाऱ्या घरांतले शब्द कोठे नोंदले गेले आहेत?

आणि जनावर कोणाचे, हा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहेच. २०१९ च्या पशुगणनेत देशात गोवंश १९ कोटी २५ लक्ष होता आणि बकऱ्या १४ कोटी ८९ लक्ष. बकरी ही भूमिहीनाची गाय, आणि धार-देवासच्या डोंगराळ भागात तिची राखण बहुतांशी स्त्रियांकडे व मुलांकडे असते. या बकऱ्यांना पीपीआर नावाचा जो रोग होतो तो बुळकांडीचाच जवळचा भाऊबंद. भारतात त्याची पहिली नोंद १९८७ ची. त्याची चांगली लस आपल्याच देशात तयार झाली आहे, एकदा टोचली तर काही वर्षे पुरते. जगातून तो घालविण्यासाठी २०३० ही मुदत ठरविलेली आहे. पण बैलाची बुळकांडी गेली आणि बकरीची अजून आहे. विज्ञान दोन्हींचे सारखेच. फरक मालकाच्या प्रतिष्ठेचा, असे आम्हांस म्हणावेसे वाटते.

कोंबडीची कथा आणखी विचित्र. झाबुआ व धार भागातील आदिवासींनी राखलेला काळ्या मांसाचा कडकनाथ २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनाने प्रसिद्ध पावला, आणि लागलीच त्याच्या नावाने व्यापार उभा राहिला. पिल्ले विकत घ्या, अंडी व पक्षी आम्हीच परत घेऊ, अशा करारांत महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात फसवणुकीचे गुन्हे नोंदविले गेले. तशा धर्तीचा एखादा करारनामा आमच्यासमोर येतो तेव्हा वाचताना एक गोष्ट जाणवते: त्यात भावाचे कलम असते, मुदतीचे असते, मानमोडीच्या लशीचे नसते. ज्या भिल्ल बाईने हा पक्षी अंगणात शतकानुशतके जगविला तिला लस मिळत नव्हती, आणि ज्याने तो हजारांनी विकत घेतला त्याला तिची विद्या मिळाली नव्हती.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत जे चालले आहे ते आम्हांस मोठ्या महाविद्यालयांइतकेच मोलाचे वाटते. देवास जिल्ह्यातील बागली येथे १९९० पासून काम करणाऱ्या समाज प्रगती सहयोग या संस्थेने आपल्या प्रशिक्षण केंद्राला बाबा आमट्यांचे नाव दिले आहे. पाणी अडविण्याबरोबर पशुपालन हाही तिच्या कामाचा भाग आहे. बचतगटांतल्या स्त्रियांना पशुसखी म्हणून शिकविण्याची रीत देशभर रुजली आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशात 'ए-हेल्प' या योजनेखाली त्यांना पशुसंवर्धन खात्याशी जोडण्यात आले. या स्त्रिया पदवीधर नसतात. अनेकींचे शिक्षण जेमतेम शाळेपुरते असते. त्या शस्त्रक्रिया करीत नाहीत आणि करूही नये. बकरीचे वजन छातीच्या घेरावरून काढणे, जंताच्या औषधाचा त्या वजनाला मेळ घालणे, करडाला चीक पाजला की नाही विचारणे, आजारी बकरी ताटीने वेगळी करावयास सांगणे, आणि जे आपल्याला कळत नाही त्यासाठी डॉक्टरला वेळेवर बोलावणे, एवढे त्यांचे काम. भोजाच्या ग्रंथातले व्याधितभवन येथे बांबूच्या ताटीचे होते. शिवाय ही शिक्षिका पाड्याच्याच बोलीत बोलते, तेव्हा भाषांतराचा खर्च नाही.

यात त्रुटी आहेत. मानधन तुटपुंजे असते, लस थंड राखण्याची पेटी वेळेवर येत नाही, आणि पशुसखीला अधिकार किती व जबाबदारी किती याची कायदेशीर रेषा अस्पष्ट आहे. उद्या एखादी बकरी दगावली तर दोष कोणाचा, हा प्रश्न कोणीतरी न्यायालयात आणीलच. ती रेषा आधीच आखून ठेवणे शहाणपणाचे होईल. शाळेतल्या पशुपालनाच्या विद्यार्थ्याला वर्षातून काही दिवस अशा पशुसखीच्या मागून पाड्यावर हिंडविले, तर वर्गातील पुस्तकाला पाय फुटतील, असेही आम्हांस वाटते. सध्या ती एकटीच हिंडते. पावसाळ्याआधी लशीचा दिवस ठरला की आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन ती एवढेच सांगते, की उद्या सकाळी डॉक्टर येईपर्यंत बकऱ्या रानात सोडू नका.